दारावरचे चित्र

व्हिडिओ उघडण्यापूर्वी पडद्यावर जे लहानसे चित्र दिसते त्याला थंबनेल म्हणतात. म्हणजे अंगठ्याचे नख. एवढ्याशा चित्राला इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, दारावरचे चित्र पाहून माणसे आत यावीत ही खटपट फार जुनी आहे. नवे आहे ते त्या चित्राचे मोजमाप.

पॅरिसमध्ये ज्यूल शेरे याने १८६६ साली स्वतःचा शिळाछापखाना थाटला आणि नाटकगृहांची रंगीत भित्तिपत्रके छापली. रस्त्याने जाणारा मनुष्य थांबत नाही, त्याला चालता चालताच पकडले पाहिजे, हे त्याने ओळखले. म्हणून एक मोठी हसरी आकृती, ठसठशीत रंग आणि मोजकी अक्षरे. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटाकडे वळले आणि आपल्या मूकपटांची पोस्टरे त्यांनी स्वतः केली. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक मानले जाते. पुढे मुंबईत एम. एफ. हुसेन यांनी तरुणपणी सिनेमाचे प्रचंड फलक रंगविले. मजुरी मिळे ती चौरस फुटाला काही आणे. मोजणी होती ती रंगविलेल्या जागेची. फलक पाहून नेमके किती जण आत शिरले, हे कोणालाच सांगता येत नसे. तिकिटांचा गल्ला तेवढा कळे.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले तेव्हा हे चित्र कोणी काढीतच नव्हते. यंत्रच व्हिडिओच्या मध्यावरचे एक दृश्य उचलून दारावर लावी. पुढे पाव, अर्ध्या व पाऊण भागांतील तीन दृश्यांतून एक निवडता येऊ लागले. लोकांनी ही मेख लगेच हेरली. मध्यावर क्षणभर भलतेच मोहक दृश्य घातले की तेच दारावर येई, आणि आत त्याचा मागमूसही नसे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! त्यानंतर स्वतः तयार केलेले चित्र लावण्याची सोय झाली आणि एक नवी कारागिरी जन्माला आली.

ती कारागिरी कमी लेखण्याजोगी नाही. चित्र मोठ्या आकाराचे करावयाचे, पण मोबाइलवर ते काडेपेटीएवढे दिसते. म्हणून जाणता कारागीर ते आधी लहान करून पाहतो. एकच चेहरा, त्यावर एकच स्पष्ट भाव, मागची जागा मोकळी, जाड अक्षरांत तीन-चार शब्द. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी दाखविणारा आकडा येतो. तेथे लिहिलेले झाकले जाते. शेरेचे नियम बहुतेक हेच होते. भिंतीच्या जागी तळहात आला.

आता मोजमापाकडे वळू. चित्र कितीजणांपुढे आले आणि त्यांतल्या कितीजणांनी त्यावर बोट ठेवले, याचा हिशेब यंत्र ठेवते. जोवर उघडणाऱ्यांच्या संख्येला मान होता, तोवर खोटी चित्रे माजली. २०१२ साली यूट्यूबने माप बदलले आणि किती वेळ पाहिले याला महत्त्व दिले. २०२४ साली तीन चित्रे लावून तुलना करण्याची सोय आली. तीतही जिंकते ते सर्वांत जास्त वेळ पाहावयास लावणारे चित्र. त्याच वर्षी डिसेंबरात, चित्र एक आणि आत दुसरेच अशा ठळक फसवणुकीविरुद्ध भारतात कडक पावले उचलण्याचे कंपनीने जाहीर केले. बोध एवढाच की, माप बदलले म्हणजे काम बदलते. खोटेपणाचे खापर केवळ कारागिराच्या स्वभावावर फोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कामगार चळवळीला ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकराला मजुरी मिळे ती विणलेल्या मालाच्या मापावर, आणि मापावरून तंटे होत. ब्रिटनमधील खाणकामगारांना काढलेल्या कोळशाच्या वजनावर मजुरी मिळे. काटा मात्र मालकाचा. १८६० च्या कायद्याने त्यांना त्या काट्यापाशी आपला माणूस बसविण्याचा हक्क मिळाला. कोळसा तोच, खाण तीच; पण वजनावर आपला डोळा आला.

आज थंबनेल करून देणारी कितीतरी मुलेमुली नगावर पैसे घेतात. त्यांच्या कामाचे मोल ठरविणारा काटा कंपनीच्या घरात आहे. त्याचे आकडे व्हिडिओच्या मालकाला दिसतात. काटा कसा लावला आहे हे त्यालाही दिसत नाही, मग चित्र करणाऱ्याची काय कथा! दारावर जे दाखविले ते आत असावे, हे कारागिराचे कर्तव्य आम्ही मानतो. पण ज्या काट्यावर त्याचे काम तोलले जाते तो उघडा असावा, हे मागणे त्याच्या हक्काचे आहे, आणि ते त्याने एकट्याने नव्हे, संघटितपणे मागावे.