एका मुलाला पुस्तकं किती? बडोद्याच्या शाळेतल्या कपाटाची गोष्ट



बडोद्याच्या वाचनालयांबद्दल आपण सगळे अभिमानाने बोलतो. सयाजीरावांनी काय काय केलं ते आपल्या घराघरात सांगितलं जातं. आज मात्र एका अगदी लहान प्रश्नाबद्दल लिहिते. प्राथमिक शाळेतल्या मुलाला एका वेळी किती पुस्तकं घरी न्यायला द्यायची? एक, दोन की पाच? प्रश्न किरकोळ वाटतो, पण मी आधी विद्यार्थिनी म्हणून आणि नंतर 30 वर्षं शिक्षिका म्हणून बघितलंय, या एका आकड्यावर मूल वाचतं की वाचायचं सोडतं ते ठरतं.

थोडं मागे जाऊ. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि 1906 साली ते सगळ्या संस्थानात नेलं. मुलं वाचायला शिकली. पण शाळा सुटल्यावर हातात पुस्तकच नसेल तर शिकलेली अक्षरं विसरायला कितीसा वेळ लागतो? महाराज अमेरिकेत गेले तेव्हा तिथली मोफत सार्वजनिक वाचनालयं त्यांनी पाहिली होती. 1910 साली त्यांनी न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणलं. बोर्डनसाहेब 1913 पर्यंत राहिले. मध्यवर्ती वाचनालय उभं राहिलं. त्यात महाराजांच्या राजवाड्यातली हजारो पुस्तकं आली. मुलांसाठी वेगळी खोली झाली, तिथे चित्रांची पुस्तकं होती आणि खेळही होते. ग्रंथपालांना शिकवायचे वर्ग निघाले. 1912 पासून 'लायब्ररी मिसेलेनी' हे नियतकालिक निघालं, इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठीतही.

मला सगळ्यात आवडते ती फिरत्या वाचनालयाची पेटी. लाकडी पेटीत साधारण 15 ते 30 पुस्तकं भरून ती खेड्यात पाठवायची. तिथल्या लोकांनी वाचून झाली की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. गावाला स्वतःचं वाचनालय काढायचं असेल तर एक तृतीयांश पैसे गावाने उभे करायचे, तितकेच पंचायतीने आणि तितकेच सरकारने द्यायचे. मोतीभाई अमीन यांच्यासारखी माणसं या कामासाठी गावोगाव हिंडली.

यातली मेख बघा. पुस्तकं मोजूनच दिली जात होती. पेटी हीच मर्यादा होती. पण ती घातली होती पुस्तक पुढच्या गावाला मिळावं म्हणून. न पाहिलेल्या गावातल्या, न पाहिलेल्या माणसाच्या हातात सरकार पुस्तक देत होतं. हा विश्वास ज्या शहरातून निघाला, त्याच शहरातल्या शाळांची कपाटं पुढे कुलूपबंद झाली, हे मला नेहमी टोचतं.

मर्यादा ही कल्पना काही आपल्याकडची नाही. पूर्वी अमेरिकेतल्या वाचनालयांत एका कार्डावर एकच पुस्तक मिळे. 1890 च्या दशकात तिथे 'दोन पुस्तकांची पद्धत' आली. दुसरं पुस्तक मिळणार, पण दोन्हींपैकी कथा-कादंबरी एकच. त्याच सुमारास नीना ब्राऊन या बाईंनी तिकिटांची पद्धत बसवली, ती आपल्याकडेही रूढ झाली. तुमच्यापैकी अनेकांनी ती वापरली असेल. वाचकाकडे पाकिटासारखी छोटी तिकिटं असतात. पुस्तक घेतलं की पुस्तकातलं कार्ड त्या तिकिटात घालून ट्रेमध्ये लावून ठेवतात. तीन तिकिटं तर तीन पुस्तकं. तिकीट संपलं की संपलं, वाद नाही.

आता माझी शाळा. साठच्या दशकातली मराठी प्राथमिक शाळा. गुजरात राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. गल्लीत खेळताना आम्ही गुजराती बोलायचो, घरात आणि वर्गात मराठी. पुस्तकाला अर्धी मुलं 'चोपडी'च म्हणत. शाळेत एकच लोखंडी कपाट. शनिवारी शेवटच्या तासाला ते उघडे. 'गोट्या', 'चिंगी', साने गुरुजींची पुस्तकं, 'चांदोबा'चे बांधलेले अंक. नियम असा, एका मुलाला एक पुस्तक, आठ दिवसांसाठी. हरवलं तर किंमत भरायची, आणि भरेपर्यंत दुसरं मिळणार नाही.

मुख्याध्यापकांना दोष देत नाही. मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईहून यायची. कोणी त्या बाजूला गेलं की यादी देऊन आणवावी लागत. एक प्रत गेली तर दुसरी वर्षभरात येईल याची खात्री नसे. शिवाय प्रत्येक पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये टेबल-खुर्च्यांच्या शेजारी चढवलेलं. तपासणीला साहेब आले की टेबलं मोजायचे तशी पुस्तकं मोजायचे. कमी भरलं तर पगारातून कापून घेतील ही भीती. मग कपाट बंद ठेवणं हाच सुरक्षित मार्ग.

आम्ही मुलींनी त्यावर तोड काढली होती. पाच जणींनी पाच वेगळी पुस्तकं घ्यायची आणि आठवडाभर अदलाबदल करायची. कागदावर एक पुस्तक, प्रत्यक्षात पाच वाचून व्हायची! कोणी शिकवलं नव्हतं, पण आमचं ते फिरतं वाचनालयच होतं की.

पण या टोळीत सगळ्या नव्हत्या. आमच्या वर्गातल्या एकीचं पुस्तक धाकट्या भावाने फाडलं. किंमत फार नव्हती, पण त्यांच्या घरी तीही जड होती. ती शनिवारी रांगेत उभी राहायची बंद झाली. पुढे चौथी पास होईपर्यंत तिने कपाटातलं पुस्तक घेतलं नाही. एक पुस्तक की दोन, हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तिला आडवा आला तो दंड. म्हणून माझ्या मते मर्यादा ठरवताना पहिला विचार दंडाचा करायला हवा.

मी शिक्षिका झाले त्यानंतर काही वर्षांनी, 1987 साली, केंद्र सरकारची खडू-फळा योजना आली. शाळेला खोल्या, शिक्षक, साहित्य आणि त्यात वाचनालयाची पुस्तकंही. देशभर कितीतरी शाळांत ही पुस्तकं गठ्ठा न सोडता ठेवली गेली. कारण तेच, डेडस्टॉक. आमच्याकडे मी आणि माझ्या एका सहकारी बाईंनी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि आधी हिशोब मांडला.

तिसरी-चौथीची मिळून 70 मुलं. त्यांच्या जोगती पुस्तकं 160. प्रत्येकाला एकच दिलं तर 90 पुस्तकं आठवडाभर कपाटात झोपणार. दोन दिली तर 140 बाहेर आणि रांगेतल्या शेवटच्यांना उरलीसुरली 20. तीन द्यायला पुस्तकंच नाहीत. म्हणजे दोन हा आकडा धोरण म्हणून ठरला नाही, वजाबाकीतून निघाला.

मग बाकीचं बसवलं. पहिली-दुसरीला दोन पातळ चित्रांची पुस्तकं, आणि ती कुठल्याही दिवशी बदलून मिळणार. 16 पानांचं पुस्तक मूल दहा मिनिटांत संपवतं, त्याला आठ दिवस तेच धरून बसायला लावणं म्हणजे थट्टाच. तिसरी-चौथीला एक गोष्टीचं आणि एक दुसरं कुठलंही, प्राण्यांचं, कवितांचं, चरित्र, कोडी. त्यामुळे सगळ्यांची झुंबड एकाच फळीवर पडेना. ज्या पुस्तकासाठी दुसऱ्याने नाव लावलंय ते तीन दिवसांत परत, बाकीची आठ दिवसांनी. रांग एका आठवड्याला हजेरीच्या सुरुवातीपासून, दुसऱ्या आठवड्याला शेवटापासून, नाहीतर आडनाव 'ह'चं असलेल्या मुलाला कायम फाटकं पुस्तक. दिवाळीच्या सुट्टीत मात्र कपाट रिकामं करायचं. घरचा रस्ता धरणाऱ्या मुलाच्या पिशवीत चार-पाच पुस्तकं गेली तर बिघडलं काय? बंद शाळेत त्यांना वाळवीच वाचणार.

पैशांचा दंड बंद केला. पुस्तक फाटलं तर शनिवारी येऊन आमच्याबरोबर खळ लावून चिकटवायचं. हरवलं तर घरी एकदा शोधायचं आणि पुढचं घ्यायचं. वर्षाला काही पुस्तकं गेली. ती रीतसर निर्लेखनात घातली. नियमात तशी सोय असते, फक्त अर्ज लिहायचा कंटाळा करायचा नाही.

रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, हा दुसरा. मला वाटतं, मुलांच्या वाचनालयातली मर्यादा या दोन नियमांच्या मध्ये उभी असते. एकाने दहा नेली तर दुसऱ्याचं पुस्तक जातं, आणि सगळ्यांना एकच दिलं तर पुस्तकं वापरात राहत नाहीत. शेजारच्या मुलालाही पुस्तक मिळावं, एवढ्यासाठीच मर्यादा. पुस्तक सांभाळायला ती घातली की कपाटाला कुलूप लागलंच समजा.

आता हे का लिहितेय? आपल्या गावांमधल्या मराठी शाळांचे पट घटत चाललेत. कुठे वर्गात 15 मुलं, कुठे त्याहून कमी, आणि कपाटात जुनी-नवी 300 मराठी पुस्तकं. तरी भिंतीवरचा कागद तोच, 'एका विद्यार्थ्यास एक पुस्तक'. 15 मुलांत 300 पुस्तकं असतील तर प्रत्येकाने दहा नेली तरी निम्मी कपाटात उरतात. हा नियम ज्या टंचाईसाठी केला ती पुस्तकांची होती. आज टंचाई मराठी वाचणाऱ्या मुलांची आहे. ज्या घरात मराठी फक्त आजीशी बोलायला उरलीय, त्या घरात एकदम पाच मराठी पुस्तकं जाऊ द्या की! त्यातलं एखादं आजी वाचून दाखवेल, एखादं मूल स्वतः उघडेल.

तुमच्यापैकी कोणी शाळांच्या समितीवर असाल, मंडळाचं बालवाचनालय चालवत असाल, तर एकदा कपाट उघडून पुस्तकं मोजा, मग मुलं मोजा, आणि मग आकडा ठरवा. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, पणजीकडच्या मंडळींनी जरूर लिहा. तुमच्या शाळेत किती पुस्तकं मिळायची? आणि हरवल्यावर काय व्हायचं?