चित्रलिलाव, आधुनिक (महाराष्ट्र)

चित्रकाराच्या हातून एकदा विकले गेलेले चित्र जाहीर बोलीने पुन्हा विकण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात तिचे केंद्र मुंबई. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळातील चित्रांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे हे त्याचे संस्थापक. यांपैकी हुसेन पंढरपूरचे, गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, सूझा गोव्यातल्या साळगावचे. रझांचे प्रारंभीचे कलाशिक्षण नागपूरला झाले. या ग्रुपची चित्रे सुरुवातीला घेणाऱ्यांत युरोपातून आलेले निर्वासित होते : समीक्षक रूडी फॉन लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी पद्धतशीर खरेदी केली. १९६३ मध्ये केमोल्ड व पंडोल या कलादालनांनी नियमित विक्री सुरू केली. जहांगीर निकल्सन यांनी १९६८ साली शरद वायकूळ यांचे चित्र घेतले आणि पुढे सुमारे ८०० कलाकृती जमवल्या. तो संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या साऱ्या खरेदीत चित्रकार आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत होते व भाव खाजगी राहत असे.

लिलावगृहे : सॉदबीजने १९८९ मध्ये टाइम्स ऑफ इंडियासाठी व्हिक्टोरिया टर्मिनसवर (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) लिलाव घेतला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेतल्या हरविट्झ दांपत्याच्या संग्रहातील भारतीय चित्रे विक्रीस निघाली, तेव्हापासून परदेशी लिलावगृहांत त्यांचा स्वतंत्र विभाग रुजला. २००० मध्ये मिनल व दिनेश वझिरानी यांनी मुंबईत सॅफ्रनआर्ट स्थापन केले. इंटरनेटवरून बोली लावण्याची सोय त्यांनी आरंभापासून ठेवली, त्यामुळे झालेल्या विक्रीचे आकडे कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागले. २००२ मध्ये तैयब मेहता यांचे ‘सेलिब्रेशन’ न्यूयॉर्कला सुमारे दीड कोटी रुपयांस गेले. ही घटना भारतीय बाजाराची सीमारेषा मानली जाते. ॲस्टागुरू व पंडोल ही मुंबईची अन्य प्रमुख लिलावगृहे. पंडोल कलादालन २०११ पासून लिलावाकडे वळले. १९ डिसेंबर २०१३ रोजी क्रिस्टीजने ताजमहाल हॉटेलात भारतातील आपला पहिला लिलाव केला. त्यात केमोल्डचे संस्थापक केकू व खोर्शेद गांधी यांच्या संग्रहातील चित्रे होती आणि एकूण विक्री ९६ कोटींच्या वर गेली. सॉदबीज २०१८ मध्ये मुंबईत परतले.

गायतोंडे : बाजाराचा सारा आलेख एका चित्रकाराच्या आधारे वाचायचा तर तो वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या. जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे, बालपण गिरगावातल्या चाळीत, शिक्षण जे. जे. कलाशाळेत (१९४८). १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. उत्तरायुष्य दिल्लीत गेले. रोलर आणि चाकूने रंगाचे थर चढवत व खरवडत ते काम करत. एका कॅनव्हासला महिने लागत, म्हणून वर्षाकाठी मोजकीच चित्रे तयार होत. १९८४ च्या अपघातानंतर मोठ्या चित्रांचे काम काही वर्षे थांबले. चित्रांना ते शीर्षक देत नसत. त्यामुळे लिलावात साल व आकार यांवरूनच चित्र ओळखावे लागते.

२०१३ च्या क्रिस्टीज लिलावात त्यांचे १९७९ चे चित्र २३.७ कोटींस गेले. अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटींचा होता. २०१५ मध्ये १९९५ चे चित्र २९.३ कोटी, २०२१ मध्ये १९६१ चे ३९.९८ कोटी, सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० चे ६७.०८ कोटी. दरम्यान २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, आणि मराठीत सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’तर्फे ‘गायतोंडे’ हा ग्रंथ सिद्ध केला. भाववाढ आधी की अभ्यास आधी, याविषयी मतभेद आहेत. मुंबईतल्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या गेल्या, हे मात्र मराठी कलाजगताने केलेले मोलाचे काम आहे. स्वतःविषयी फारसे न बोललेल्या या चित्रकाराचे चरित्र त्याविना उभे राहिले नसते.

पद्धती : लिलावगृह अंदाजित किमान व कमाल किंमत छापते. विक्रेत्याशी ठरलेली राखीव किंमत गुप्त असते. बोली तिच्यापर्यंत न पोहोचल्यास चित्र परत जाते. बोली सभागृहातून, फोनवरून किंवा ऑनलाइन लागते. हातोडा पडल्यावरच्या रकमेत खरेदीदाराचे शुल्क व कर मिळवले जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये रझांच्या ‘जेस्टेशन’वर पंडोलच्या लिलावात ४५ कोटींवर हातोडा पडला, शुल्क धरून किंमत ५१.७५ कोटी झाली. वर्तमानपत्रे कधी पहिला तर कधी दुसरा आकडा देतात. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत याची खात्री करावी. जप्त चित्रेही याच पद्धतीने विकली जातात : प्राप्तिकर खात्याने वसुलीसाठी हिरे व्यापारी नीरव मोदी यांच्या संग्रहातील चित्रे २०१९ मध्ये सॅफ्रनआर्टमार्फत विकली. त्यात गायतोंडेंच्या १९७३ च्या चित्राला २५.२४ कोटी आले.

मालकीचा माग : संग्राहकाने भावाआधी पाहावे ते हे. चित्र स्टुडिओतून कोणाकडे गेले, कुठे प्रदर्शित झाले, कोणत्या पुस्तकात छापले गेले, या तीन नोंदी सूचिपत्रात चित्राखाली येतात. पावती, पत्र, कॅनव्हासच्या मागची चिठ्ठी हे त्यांचे पुरावे. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ (१९५४) हे याचे ठळक उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले डॉ. लिऑन व्होलोदार्स्की यांनी ते तेव्हाच विकत घेतले, नॉर्वेला नेले आणि १९६४ मध्ये ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयास दिले. तेरा चौकटींचे हे चित्र अनेक दशके रुग्णालयातच होते. मालक दोनच व कागद स्वच्छ. मार्च २०२५ मध्ये क्रिस्टीज, न्यूयॉर्क येथे २५ ते ३५ लाख डॉलरचा अंदाज असताना ते १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर (सुमारे ११८ कोटी रुपये) विकले गेले. तेव्हा आधुनिक भारतीय चित्रासाठीचा तो उच्चांक होता.

बनावट चित्रे : २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनास गेलेल्या रझांना भिंतींवर आपण न काढलेली चित्रे आढळली. इंडोनेशियातही असाच वाद झाला. तेथील मागेलांग शहरातल्या ओई होंग जिएन यांच्या संग्रहालयातील सुजोयोनो, हेंद्रा गुनावान आदी चित्रकारांच्या काही चित्रांच्या अस्सलपणाबद्दल २०१२ पासून शंका घेतल्या गेल्या.

लिलावाबाहेरची चित्रे : म. वि. धुरंधर (१८६७–१९४४), सा. ल. हळदणकर आणि पुढच्या पिढीतील प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांना लिलावात प्रोग्रेसिव्हांच्या जवळपासही भाव नाही. हा गुणवत्तेचा निवाडा समजू नये. धुरंधरांची ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ आणि बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ ही पुस्तके मराठीत असूनही सूचिपत्रांत त्यांचा उपयोग अपुराच होतो. जुन्या पिढीची उत्तम चित्रे औंधच्या श्री भवानी संग्रहालयात (१९३८) आहेत. ती बाजारात येत नाहीत. पूजेतल्या कलाकृतींचेही तसेच : शिर्डीच्या समाधी मंदिरातील साईबाबांची संगमरवरी मूर्ती (१९५४) जे. जे. परंपरेतल्या बाळाजी वसंत तालीम यांची, व साईबाबांचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र श्यामराव जयकर यांचे.

कायदा : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ ठाकूर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, निकोलस रोरिक व शैलोज मुखर्जी या नऊ जणांच्या कलाकृती देशाबाहेर विकून नेता येत नाहीत. शेरगिल यांचे ‘द स्टोरी टेलर’ २०२३ मध्ये ६१.८ कोटींस दिल्लीतच विकले गेले. गायतोंडे, रझा, हुसेन यांना हे बंधन नाही. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५३अ प्रमाणे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत चित्रकाराचा किंवा त्याच्या कायदेशीर वारसांचा कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा असतो. व्यवहारात हा हक्क क्वचितच बजावला जातो, ही या क्षेत्रातील मोठी उणीव आहे. कॉपीराइट संपेपर्यंत, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे हा हक्क टिकतो; गायतोंडे यांच्याबाबत ही मुदत २०६१ अखेर संपेल.