वितळलेल्या क्षारांचे विद्युत्घट : भिंत आणि भेग

१९६७ च्या सुमारास फोर्ड कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत जोसेफ कमर व नील वेबर यांनी सोडियम-गंधक घट पुढे आणला. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला ही दोन्ही द्रव्ये वितळलेली असत व मध्ये बीटा-अ‍ॅल्युमिनाची भाजलेली नळी. घटाचे आयुष्य म्हणजे वस्तुतः या नळीचे आयुष्य होय. तिला तडा गेला की द्रव्ये एकमेकांस भिडून पेट घेत. सबब नळी अभंग राखणे हीच संशोधकांची विवंचना होऊन बसली.

योहान कूट्सर यांनी १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून प्रसिद्ध केलेल्या घटात मात्र, नळी फुटेल हे जणू गृहीतच आहे. तेथे गंधकाऐवजी निकेल क्लोराइड असून त्याच्या भोवती सोडियम व अ‍ॅल्युमिनियमचा वितळलेला संयुक्त क्षार असतो. भेगेतून आलेले सोडियम प्रथम या क्षाराशी संयोग पावते. त्यातून साधे मीठ व अ‍ॅल्युमिनियम निर्माण होते आणि अ‍ॅल्युमिनियममुळे भेगेतूनच विद्युत्प्रवाह वाहू लागतो. घट मरतो, घटमाला चालूच राहते. हा विचार, नळी अधिक बळकट करण्याहून, निश्चितच मोलाचा. तथापि पुनःपुन्हा भारित केल्याने निकेलचे कण मोठे होऊन धारणाशक्ती घटते, हे दुखणे राहिलेच.

सोडियम-गंधक घटांस हा धडा उशिरा लागू झाला. सप्टेंबर २०११ मध्ये जपानात त्सुकुबा येथे एका सदोष घटातून गळलेल्या द्रव्यामुळे आग लागली. त्यानंतरच घटांमध्ये वितळतारा व विद्युत्‌रोधक फळ्या बसविण्यात आल्या.