बीव्हर डॅम नेत्र-अभ्यास
अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बीव्हर डॅम गावी रोनाल्ड व बार्बरा क्लाइन यांनी चालवलेला दीर्घकालीन अभ्यास. १९८८–९० मध्ये ४३ ते ८४ वयाच्या ४,९२६ रहिवाशांचे डोळे तपासले. पुढे पाच-पाच वर्षांनी त्यांनाच पुन्हा बोलावले. दृष्टिपटलाची जुनी-नवी छायाचित्रे ताडून पाहता पिवळसर ठिपके (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, म्हणजे पीतबिंदूच्या, ऱ्हासाची आरंभीची खूण) काहींचे वाढलेले, काहींचे चक्क विरलेले आढळले. एकदाच केलेल्या तपासणीत हे कधीच कळले नसते. रहिवासी बहुतेक गोरे, हा आक्षेप रास्त आहे. तिथले रोगप्रमाण भारताला लावता येणार नाही. परंतु धूम्रपानाने पीतबिंदूच्या ऱ्हासाचा धोका वाढतो, हे ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स अभ्यासातही दिसले. खरी अडचण मृत्यूची: अधू नजरेचे वृद्ध आधी दगावले, तर उरलेल्यांची दृष्टी वास्तवापेक्षा चांगली भासते, म्हणून गळालेल्यांचाही हिशेब ठेवावाच लागतो.