वर्दीतला डॉक्टर आणि दोन वाट्यांचं बेंगळुरू



डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. पण आपल्या देशात सार्वजनिक आरोग्याचं सरकारी काम कितीतरी वर्षं वर्दीतल्या माणसांच्या हाती होतं. नावाआधी 'सर्जन-कॅप्टन' किंवा 'मेजर' लावणारे हे डॉक्टर कॉलऱ्याशी झुंजायचे, तुरुंग तपासायचे आणि गटारांवरून नगरपालिकेशी भांडायचे. ही वर्दी नेमकी कोणासाठी होती, हा आज आपला प्रश्न आहे. त्याचं उत्तर बेंगळुरूच्या नकाशावरच लिहिलेलं आहे.

या सेवेचं नाव इंडियन मेडिकल सर्व्हिस. 1855 पासून तिची भरती स्पर्धा परीक्षेने होऊ लागली. भारतीयांनाही ती देता येई, पण परीक्षा लंडनला! त्यामुळे बोटीचा खर्च झेपेल त्यानेच स्वप्न पाहावं. निवड झाली की आधी पलटणीबरोबर चाकरी आणि मग मुलकी खात्यात जाण्याची संधी. तिथे सिव्हिल सर्जन, तुरुंग अधीक्षक, सॅनिटरी कमिशनर अशी पदं मिळत. लढाई सुरू झाली की मात्र पुन्हा सैन्यात हजर व्हायचं. आपले कान्होबा रणछोडदास कीर्तिकर याच सेवेतले. अफगाण युद्धाच्या मोहिमेवर गेलेल्या या माणसाने पुढे औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ रचण्यात वाटा उचलला आणि 1909 च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं.

आता बेंगळुरूला येऊ. इंग्रजांनी 1809 मध्ये इथे छावणी वसवली. पश्चिमेला जुनी पेठ होती आणि पूर्वेला छावणी उभी राहिली. 1862 पासून दोन्हीकडे वेगळ्या नगरपालिका आल्या. 1881 मध्ये म्हैसूरचं राज्य वडियार घराण्याकडे परत गेलं, पण छावणीचा भाग इंग्रज रेसिडेंटकडेच राहिला. शहर एक, सरकारं दोन. वर्दीतल्या डॉक्टरचं पहिलं काम होतं छावणीतला गोरा शिपाई जगवणं. पेठेतल्या गल्ल्या दुसऱ्या सरकारच्या.

याच छावणीत 1883 मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा तरुण सर्जन आला. आपल्या बंगल्यात डास फार का, म्हणून त्याने शोध घेतला, तर खिडकीजवळच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उलटं केलं आणि डास गेले. हाच उपाय त्याने ऑफिसर्स मेससाठी सुचवला, तर तिथल्या अधिकाऱ्याने तो धुडकावून लावला. 1895 मध्ये कॉलऱ्याची साथ आवरायला रॉसला पुन्हा बेंगळुरूला धाडलं. विहिरी, नळ, मैला यांच्यामागे तो बरेच महिने राबला. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला आणि 1902 मध्ये नोबेल मिळालं. जगाला शोध आठवतो, पण त्याच्या रोजच्या नोकरीत गटारंही होती.

मग आला प्लेग. मुंबईत 1896 मध्ये, पुण्यात 1897 च्या सुरुवातीला, पुढे धारवाड-हुबळीकडे, आणि सदर्न मराठा रेल्वेच्या रुळांवरून ऑगस्ट 1898 मध्ये बेंगळुरूत. रेल्वेने आलेल्या प्लेगला पेठ कुठली आणि छावणी कुठली हे काय कळणार?

पुण्यात काय झालं ते आपण जाणतोच. प्लेग कमिशनर वॉल्टर रँड डॉक्टर नव्हता, मुलकी अधिकारी होता. त्याच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले आणि देवघरापर्यंत गेले. लोकांना रोगापेक्षा तपासणीची भीती वाटू लागली. 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. पण त्याच पुण्यात वर्दीतला आणखी एक माणूस होता, सावित्रीबाई फुल्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत. तो लष्करी सेवेतला डॉक्टर. माय-लेकांनी गावाबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. तिथेच सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

बेंगळुरूच्या पेठेत प्लेग कमिशनर होते व्ही. पी. माधवराव, कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले. प्लेगच्या छावण्यांत राबणाऱ्यांत होते डॉ. पद्मनाभन पल्पू. ईळवा जातीचे म्हणून त्रावणकोर सरकारने त्यांना नोकरी नाकारली होती. म्हैसूरने ती दिली. दोघांच्याही अंगावर वर्दी नव्हती. इथे सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र समजू नका. लोक शहर सोडून पळाले, आणि श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाममध्ये दंगलही झाली. पण प्लेगनंतर शहराची रचनाच बदलली. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही रुंद रस्त्यांची, सफाईसाठी मागे गल्ल्या ठेवलेली नवी वस्ती आखली गेली. प्लेगच्या कामासाठी टेलिफोनच्या ताराही ओढल्या गेल्या.

इंडियन मेडिकल सर्व्हिस 1947 मध्ये संपली. 1949 मध्ये बेंगळुरूच्या दोन नगरपालिका एक झाल्या. पण आरोग्याचे दोन वाटे राहिलेच. वर्दी सैन्याकडे गेली, गाव-शहर राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे.

आजही वर्दीतलं आरोग्य अधिकारी होता येतं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे 1948 साली सुरू झालेल्या एएफएमसीमधून, डॉक्टर व्हायचं किंवा बाहेरून एमबीबीएस करून कमिशन घ्यायचं, आणि पुढे कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी. मग मोठ्या लष्करी ठाण्यांवर स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशनमध्ये नेमणूक होते. पाण्यातलं क्लोरीन तपासायचं, लंगरमधल्या स्वयंपाक्यांची तपासणी करायची, डासांच्या अळ्या शोधायच्या. साथ आली की पहिला रोगी कुठला, हे धुंडाळायचं. रॉसचंच काम, फक्त आता परीक्षा लंडनला नाही.

कोविडनंतर सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र सेवा हवी ही मागणी वाढली, आणि 2022 मध्ये केंद्राने राज्यांना तशा केडरसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. काहींना जुन्या सेवेसारखी वर्दी आणि शिस्त हवीशी वाटते. माझं म्हणणं असं, की त्या सेवेकडून ठरलेली बढती, देशभर बदली आणि हुकूम द्यायचा अधिकार जरूर घ्यावा. नजर मात्र घेऊ नये, कारण ती छावणीच्या हद्दीपाशी थांबायची. डेंग्यूचा डास आजही लष्करी भिंत ओलांडून सहज ये-जा करतो. त्याच्यामागे भिंतीपलीकडे जाण्याचा हक्क ज्याला असेल, आणि पलीकडच्या लोकांनी ज्याला दार उघडावं, तोच खरा आरोग्य अधिकारी. मग त्याच्या अंगावर वर्दी असो वा नसो.