हिशेब कोणाला द्यायचा? कुंभकोणमचा सार्वजनिक पैसा आणि त्याची तपासणी

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणममध्ये सार्वजनिक पैशाचा हिशेब लिहिण्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. चोळांच्या काळात देवळांच्या भिंतींवर दाने, देणी आणि त्यांच्या अटी कोरल्या गेल्या, तंजावरच्या भोसल्यांच्या अमदानीत मोडी दप्तरांचे रुमाल भरले, आणि इंग्रजी राजवटीत नगरपालिका व जिल्हा बोर्डांचे छापील ताळेबंद तयार झाले. त्यामुळे या प्रदेशात हिशेब होते की नाही, हा इतिहासाचा प्रश्नच नव्हे. ज्यांच्या खिशातून पैसा गेला त्यांना ते हिशेब पाहण्याचा, त्यांवर प्रश्न विचारण्याचा अधिकार होता काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक कालखंडात वेगळे मिळते.

चोळकालीन कोरीव लेखांत या गावाचे नाव तिरुक्कुडमुक्कु असे येते. नागेश्वराच्या देवळातील लेखांतून येथे ब्राह्मण जमीनधारकांची सभा, म्हणजे गावचा सामाईक कारभार पाहणारी संस्था, कार्यरत असल्याचे दिसते. पहिल्या परांतकाच्या ३८व्या राजवर्षात या सभेवर ३००० कळंजू सोन्याची आकारणी झाल्याची नोंद आहे. कळंजू हे सोने मोजण्याचे जुने तमिळ वजन. गावाच्या वतीने राजाला उत्तर देण्याची जबाबदारी सभेवर होती, एवढे यावरून स्पष्ट होते. सभेच्या आतली जबाबदारी कशी ठरवली जाई याचे सविस्तर वर्णन मात्र कुंभकोणमपासून बरेच उत्तरेला असलेल्या उत्तिरमेरूरच्या दोन लेखांत सापडते, आणि तेही याच परांतकाच्या कारकिर्दीतले, इ. स. ९१९ आणि ९२१ चे आहेत. तेथील समित्यांना वारियम म्हणत. वार्षिक कारभार, बागा, तळी आणि सोन्याची पारख अशी कामे त्यांच्यात वाटलेली होती, सभासदांची निवड घड्यात नावांच्या ताडपत्री चिठ्ठ्या टाकून होत असे आणि मुदत ३६० दिवसांची असे. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो आणि त्याचे जवळचे नातलग यांची नावे घड्यात टाकायची नाहीत, असा नियम तेथे आहे. हिशेब लिहिणाऱ्याने स्वतः लिहिलेला हिशेब स्वतःच सादर करावा, तो मिटवायला दुसरा माणूस आणू नये, आणि त्या हिशेबात तो निर्दोष ठरल्याशिवाय त्याला पुन्हा नेमू नये, अशीही तरतूद आहे. नातलगांनाही अपात्र ठरवणारी ही कडक अट आजच्या निवडणूक कायद्यांना लाजवील. तरीही तिची मर्यादा विसरून चालत नाही: सभासद होण्यासाठी करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर आणि वेदमंत्रांचे ज्ञान लागे, म्हणजे ज्यांच्या श्रमावर ती तळी आणि बागा चालत त्या कुळांना व शेतमजुरांना या हिशेबात बोलण्याची जागा नव्हती.

१६७६ मध्ये व्यंकोजी भोसले तंजावरच्या गादीवर बसले आणि पुढची सव्वाशे वर्षे कावेरीच्या खोऱ्याचा महसूल मराठी राज्याच्या दप्तरात नोंदला गेला. देशस्थ कारकून आणि मुत्सद्दी घराणी कुंभकोणम व तंजावर येथे स्थायिक झाली. गावपातळीवरचे हिशेब तमिळ कणक्कुपिळ्ळै लिहीत, आणि वरच्या कचेरीत ते मराठीत, मोडी लिपीत उतरत. या दोन दप्तरांच्या मधल्या जागेत बरेच काही हरवत असणार. अमानी पद्धतीत, म्हणजे सरकार आणि मिरासदार (वंशपरंपरागत जमीनधारक) यांनी खळ्यावरच पीक वाटून घेण्याच्या पद्धतीत, सगळा हिशेब पिकाच्या अंदाजावर उभा असे आणि अंदाज करणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता येई. १८व्या शतकाच्या अखेरीस अनेक गावांचा एक गट करून त्याच्या वसुलीची आणि हिशेबाची जबाबदारी पट्टकदार नावाच्या बलाढ्य मध्यस्थावर सोपवण्यात आली. ज्याने वसूल करायचे त्यानेच हिशेबही द्यायचा, अशा या व्यवस्थेत गैरव्यवहाराला आयतेच आवतण होते. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी तंजावरचा किल्ला वगळता राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे दिला, तेव्हा पट्टकदारी मोडण्यात आली, परंतु मोडी जाणणारे कारकून कंपनीलाही हवेच होते.

भोसल्यांच्या अमदानीतील सार्वजनिक खर्चाचा सर्वांत स्वच्छ भाग छत्रांचा होता. छत्र म्हणजे यात्रेकरूंना अन्न, निवारा आणि औषध देणारी धर्मशाळा. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी अशी अनेक छत्रे उभारली आणि त्यांना जमिनी नेमून दिल्या. सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात या छत्रांत कोणाकोणाला काय मिळते, शिक्षक व वैद्य कसे नेमलेले आहेत, अनाथ मुलांचे शिक्षण कसे होते, हे तपशिलाने सांगितले आहे आणि त्यांचे उत्पन्न दुसरीकडे वळवू नये अशी विनंती केली आहे. विशिष्ट कामासाठी ठेवलेला पैसा त्याच कामावर खर्च व्हावा, हे सार्वजनिक हिशेबाचे पहिले तत्त्व येथे एका राजाने परक्या सत्तेपुढे मांडले. छत्रात जेवणाऱ्या मुलाला मात्र ते मांडण्याचा मार्ग नव्हता.

कुंभकोणमच्या मराठी घराण्यांतून हिशेबाची एक निराळी परंपरा निघाली. टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथे झाला. नावातला पहिला वर्ण तंजावरचा. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिक्षण घेतल्यावर माधवरावांनी काही काळ मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या, म्हणजे महालेखापालाच्या कचेरीत नोकरी केली, आणि पुढच्या सगळ्या कारकिर्दीवर त्या कचेरीचा ठसा राहिला. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस, तिशीच्या सुमारास, दिवाण. राज्य कर्जात होते आणि तंबाखूसारख्या मालावर सरकारी मक्ता होता; माधवरावांनी मक्ते उठवले, कर्ज फेडले आणि राज्याचे जमाखर्च वर्षाच्या अहवालात मांडण्याची शिस्त घालून दिली. बडोद्यात मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर १८७५ मध्ये ते दिवाण म्हणून गेले. तेथे इजारदारीने, म्हणजे महसूलवसुली मक्त्याने देण्याच्या पद्धतीने, रयत पिळली गेली होती आणि राजवाड्याच्या खर्चाला सीमा नव्हती. प्रशासनाचे वार्षिक अहवाल तेथेही सुरू झाले. १८८१ मध्ये सयाजीरावांना गादीच्या अधिकारांसाठी तयार करताना त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांत राजाचा खासगी खर्च ठरलेल्या मर्यादेतच राहिला पाहिजे हा आग्रह आहे. राजाच्या तोंडावर असे सांगणे त्या काळात सोपे नव्हते आणि त्यासाठी माधवरावांना मान दिलाच पाहिजे. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. अर्थसंकल्पावर चर्चा करण्याचा हक्क प्रतिनिधींना मिळावा, ही काँग्रेसच्या आरंभीच्या मागण्यांपैकी एक होती आणि १८९२ च्या कायद्याने तो मर्यादित स्वरूपात मिळाला. कुंभकोणममध्येच जन्मलेले आणि तेथील सरकारी महाविद्यालयात शिकलेले व्ही. पी. माधवराव यांनी त्रावणकोरचे दिवाण असताना १९०४ मध्ये श्री मूलम प्रजासभा भरवली. तिला खर्च मंजूर करण्याचा अधिकार आरंभी नव्हता, पण जमीनदार व व्यापारी प्रतिनिधींना दिवाणासमोर उभे राहून गाऱ्हाणे मांडता येऊ लागले.

या दिवाणांच्या जन्मगावात हा बदल आणखी हळू आला. कुंभकोणमची नगरपालिका १८६६ मध्ये, मद्रासच्या १८६५ च्या शहर सुधारणा कायद्याखाली स्थापन झाली. घरपट्टी गावाने भरायची, पण आयुक्त सरकारने नेमायचे, अशी ती रचना होती. १८७१ च्या कायद्याने निवडणुकीची वाट थोडी उघडली. १८ मे १८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतर १८८४ मध्ये मद्रास इलाख्यात नगरपालिका आणि स्थानिक बोर्डे यांचे नवे कायदे झाले आणि निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढवता येऊ लागले. मतदार म्हणजे अर्थातच करदाते, तेही थोडेच. तंजावर जिल्हा बोर्डाने या काळात एक उल्लेखनीय काम केले: जमिनीवर जादा उपकर, म्हणजे एका ठरावीक कामासाठी बसवलेला कर, लावून अनेक वर्षे पैसा साठवला आणि मायावरम ते मुत्तुपेट्टै हा रेल्वेमार्ग बांधला, जो १८९४ मध्ये खुला झाला. शेतकऱ्याला आपला उपकर कोठे गेला हे रुळांच्या रूपात डोळ्यांनी दिसत होते, आणि जमाखर्चाच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा हा पुरावा त्याला अधिक कळण्यासारखा होता.

हिशेबाच्या तपासणीसाठी मद्रास सरकारने स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे स्वतंत्र खाते चालवले. लेखापरीक्षकाला नियमबाह्य खर्च अमान्य करण्याचा आणि तो मंजूर करणाऱ्याकडून रक्कम वसूल करण्याचा अधिकार असे. इंग्रजीतून आलेल्या सरचार्ज या नावाने ही वसुली ओळखली जाते. हे हत्यार खरोखर धारदार होते. परंतु आक्षेपांचा अहवाल सरकारकडे जाई, त्याची उत्तरे कचेरीतून कचेरीत फिरत, आणि घरपट्टी भरणाऱ्याच्या हाती त्यातले फारसे पडत नसे. चोळांच्या सभेने राजाला हिशेब दिला तसाच नगरपालिकेने इलाख्याच्या सरकारला दिला. दिशा वरचीच राहिली.

शाळांच्या बाबतीत तर ही दिशा अधिक घातक ठरली. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आली: हजेरीपट, शिक्षकांची संख्या आणि निरीक्षकाचा दाखला यांवर पैसा मिळे. मद्रासच्या १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा शिक्षण मंडळे आणि शिक्षण उपकर यांची भर घातली. अनुदान मिळण्यासाठी कागद बरोबर असावा लागे, आणि कागद बरोबर आहे की नाही हे ठरवणारा निरीक्षक पालकांना उत्तरदायी नव्हता. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका अनुदानित शाळेच्या इमारतीत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग लागली, झापांच्या छपराने पेट घेतला आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. एकाच इमारतीत तीन शाळा चालत होत्या आणि बाहेर पडायचा जिना अरुंद होता. निवृत्त न्यायमूर्ती के. संपत यांच्या आयोगाने चौकशी केली. २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले आणि त्यांत शाळाचालकांबरोबर शिक्षण खात्यातील कर्मचारीही होते. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने काहींची मुक्तता केली आणि काहींची शिक्षा घटवली. शाळांना आगीपासून सुरक्षित ठेवणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला, तो याच घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर. आईबाप रोज त्या दाराशी येत होते, झापांचे छप्पर त्यांना दिसत होते. परंतु शाळेला परवानगी कशाच्या आधारावर मिळाली आणि निरीक्षकाने दप्तरात काय लिहिले, हे पाहण्याची सोय त्यांना नव्हती.

ही सोय कायद्याने आता आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा तमिळनाडूने १९९७ मध्ये देशात सर्वप्रथम केला, जरी तो अपवादांनी पोखरलेला होता. केंद्राचा कायदा २००५ चा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक केली, तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले, आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम म्हणून लिहून ठेवले. कुंभकोणम २०२१ मध्ये महानगरपालिका झाले. पुढच्याच वर्षी राज्याने शहरांत प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभा यांचे नियम लागू केले, ज्यांत वस्तीतील मतदारांना एकत्र बसून कामांबद्दल विचारता येते. उत्तिरमेरूरच्या सभेत शिरण्यासाठी जमीन आणि वेद लागत होते. क्षेत्रसभेत बसण्यासाठी मतदारयादीतले नाव पुरते. कुंभकोणमच्या आणि आपल्याकडच्याही पालकांनी शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत अनुदानाचा जमाखर्च व इमारतीच्या तपासणीचा दाखला मागून घ्यावा. कायदा त्यांच्या बाजूने आहे.