पेटीत कोणाचे मत पडले?

संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास लिहिणारे १९५७ चा कौल एका वाक्यात उरकतात : मराठी माणसाने द्वैभाषिक नाकारले. मला हे वाक्य अपुरे वाटते. भोर-वेल्ह्याकडच्या महारवाड्यात वाढलो, म्हणून असेल.

राजगड-तोरण्याखालचा हा मुलूख भोर संस्थानचा. १९४८ साली तो मुंबई राज्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाड्यासह द्वैभाषिकात गेला. राज्ये बदलली; येसकराच्या हातची काठी सुटली नाही. भाटघरचे धरण आमच्या उशाला, पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी खालच्या बागाईतदाराच्या उसाला. अशा माणसाला सुरत-भडोच आपल्या राज्यात असले काय नि नसले काय?

तरी आमच्या वाड्याने समितीला मत दिले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. एका म्हातारीला मी विचारले, कोणत्या पेटीत टाकलेस? ती म्हणाली, "पाटलाच्या न्हाई टाकलं, बाबा." द्वैभाषिक हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन समितीत होते, आणि बाबासाहेबांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. तिला तेवढे पुरेसे होते.

पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आडवी झाली ती अशा अनेक कारणांच्या बेरजेने. सभेतल्या वक्त्यांनी त्या बेरजेला एकच नाव दिले. मुंबई मराठी माणसाचीच, यात मला शंका नाही. पण एकभाषी राज्यात मोठी जात लहान जातींच्या उरावर बसेल, हा धोका बाबासाहेबांनी १९५५ सालीच सांगितला होता. महाराष्ट्राचे एक नव्हे, चार भाग सुचवले होते. त्यांचा पक्ष समितीत गेला म्हणून तो धोका टळला असे कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट आमच्या लेखकांना अडचणीची वाटते. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली बिल आणले होते. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा अखेर झाला १९५८ साली, म्हणजे ज्या द्वैभाषिकाविरुद्ध आपण मत दिले त्याच्याच विधिमंडळात. उलट बौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या त्या १९६० साली, महाराष्ट्र झाल्यावर. दिल्लीला त्यासाठी १९९० उजाडावे लागले.

वतन गेले, पण जमीन आपोआप आपली झाली नाही. कब्जेहक्काची रक्कम भरायची होती. माझ्या चुलत्याने त्यासाठी दारची म्हैस विकली.